सी-१० पिकअप: ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवायचा आहे, कुठला गिअरबॉक्स घेऊ?

धुरांडं

रामराम मंडळी. माझ्याकडे १९८४ ची शेवरले सी-१० आहे. टू व्हील ड्राइव्ह, लांब हौदा, ३०५ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, क्वाड्राजेट कार्बोरेटर आणि ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दांडी स्टिअरिंगला. इंजिन ठणठणीत, एका सेल्फमध्ये उठतं. गिअरबॉक्सचं मात्र वय झालं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मागेच राहते, आणि तेल तापलं की तिसरा धड लागतच नाही. काल चेंबर, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, खोललं. तेल काळं, वास जळका, तळाला गाळ.

दुरुस्त करावा की नाही यावर डोकं खाजवत होतो, पण खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून या गाडीत क्लच हवा होता. हौद्यात वाळू, लाकूड, कधी फरश्या. मागे अधूनमधून छोटा ट्रेलर. चढ-उतार भरपूर. महामार्गावर क्वचित, तेही शंभरच्या वर नाही. उतारावर ब्रेक तापवत बसण्यापेक्षा गिअरवर गाडी उतरावी, एवढीच माझी चैन.

एकजण एनव्ही३५०० द्यायला तयार आहे. १९९४ च्या पिकअपमधून काढलेला, फ्लायव्हील आणि क्लचसकट. दुसऱ्या एकाकडे एसएम४६५ पडलाय, पण नुसता डबा, बाकी काही नाही. यातला कुठला उचलू? प्रोपेलर शाफ्ट तोच चालेल का? स्टिअरिंगचा कॉलम बदलावा लागेल का? पाने, जॅक, स्टँड सगळं आहे, वेल्डिंग येतं. गिअरबॉक्स खाली-वर केलेले आहेत, पण ऑटोमॅटिकचा मॅन्युअल कधी केला नाही.

सावकाश

खोलण्याआधी टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल, तपासली होती का? कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाते ती. बरेच जण तिला किकडाउनची केबल समजतात आणि ढिली असली तर असू दे म्हणतात. ७००आर४ मध्ये आतल्या तेलाचा दाबच त्या केबलवर ठरतो. ती ढिली असली की दाब कमी, दाब कमी की आतल्या प्लेटा घसरतात, आणि घसरल्या की जळतात. त्यात तिसऱ्या-चौथ्याचा क्लच पॅक सगळ्यात आधी जातो. तुमच्या गाडीचं लक्षण तेच दिसतंय.

माझं मत विचाराल तर पॅक बदला, केबल नीट लावा आणि चालवा. चार गिअर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर), लॉकअप (वेगात कन्व्हर्टरची घसरण बंद करणारा), सगळं जागच्या जागी. ट्रेलर लावून चढावर थांबलात आणि परत निघायचं असलं की टॉर्क कन्व्हर्टरसारखं, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेल्या तेलावरच्या जोडणीसारखं, सुख नाही. क्लचच्या हौसेपायी निम्मी गाडी खोलणार आहात तुम्ही.

तेलकट बाह्या

सावकाश यांचं निदान बरोबर आहे. उपाय धुरांड्यांना नकोय एवढंच. त्यांना क्लच हवाय, आणि हौसेला कारण विचारायचं नसतं. पण कन्व्हर्टरबद्दल त्यांनी जे म्हटलंय ते इथल्या निम्म्या लोकांनी वाचून सोडून दिलं असणार, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे.

मॅन्युअल करायला निघालेला माणूस आधी गिअरबॉक्स शोधतो. मी म्हणतो आधी मागचा एक्सल बघा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरी कोड. जीयू४ असेल तर एक्सल ३.०८, जीयू६ असेल तर ३.४२, जीटी४ असेल तर ३.७३. स्टिकर फाटला असेल तर मागची दोन्ही चाकं उचला, शाफ्टला खडूची खूण करा, चाकं फिरवा आणि मोजा. दोन्ही चाकं एकाच दिशेने सारखी फिरली पाहिजेत, नाहीतर आकडा चुकेल.

आता कन्व्हर्टर. तुमच्या ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६. एक्सल ३.०८ धरला तर गुणाकार साडेनवाच्या जरा खाली येतो. पण गाडी जागेवरून निघताना कन्व्हर्टर इंजिनचा जोर साधारण दुप्पट करून पुढे देतो. म्हणजे निघण्याच्या क्षणी तुमच्या चाकाला मिळतो तो जोर जवळजवळ १९ पटीचा. वेग आला की ही दुप्पट विरत जाते, पण वाळू भरून चढावर निघताना तीच उपयोगी पडते. क्लचमध्ये ही दुप्पट नाही. क्लच पाचाचे पाचच देतो, वर घसरताना स्वतः झिजतो.

हे डोक्यात ठेवून आता डबे बघा.

एनपी८३३ हा याच पिढीच्या पिकअपमध्ये यायचा. चार गिअर, पहिला ३.०९, चौथा ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह. कागदावर तुमच्या ऑटोमॅटिकचा सख्खा भाऊ. म्हणूनच लोक भुलतात. पहिल्याचा आकडा तोच, पण कन्व्हर्टरची दुप्पट गेली, म्हणजे १९ च्या जागी साडेनऊ. रिकाम्या गाडीला ठीक. भरलेल्या हौद्याला आणि ३.०८ एक्सलला प्रत्येक सुरुवात हाफ क्लचवर, आणि प्लेट वर्षभरात हाताशी.

एनव्ही३५०० पाच गिअरचा. पहिला ४.०२, पाचवा ०.७३. गुणाकार १२.४. रोजच्या चालवण्याला या तिघांत हाच सगळ्यात गोड. गिअर मऊ पडतात, महामार्गावर इंजिन शांत. वजन बऱ्यापैकी वाहत असाल तर मध्यम.

एसएम४६५ चार गिअरचा, बिडाचा, ६.५५, ३.५८, १.७० आणि सरळ १.००. ओव्हरड्राइव्ह नाही. पहिल्याचा गुणाकार ३.०८ एक्सलवर २० च्या पुढे जातो, म्हणजे कन्व्हर्टरने जे दिलं होतं ते इथे गिअरच देतो. त्या पहिल्याला सिंक्रोनायझर (चालत्या गाडीत दात्यांचा वेग जुळवणारा भाग) नाही, गाडी थांबल्याशिवाय तो घालायच्या फंदात पडू नका. रिकाम्या गाडीला तो लागतही नाही, दुसऱ्यावर उचलायची. आणि उतारावर भरलेली गाडी दुसऱ्यावर टाकली की गुणाकार ११. तुमच्या ऑटोमॅटिकचा दुसरा पाचाच्या आसपास आहे. ब्रेक तापवायचे नाहीत म्हणालात ना?

ओव्हरड्राइव्ह नाही म्हणून लोक एसएम४६५ ला नावं ठेवतात. ती नावं ३.७३ किंवा ४.१० एक्सलवाल्यांनी ठेवलेली असतात. ३.०८ एक्सल आणि साधारण ७३ सेंटिमीटर उंचीचा टायर असेल तर शंभराच्या वेगाला इंजिन २२५०-२३०० वर फिरतं. सध्या ओव्हरड्राइव्हमध्ये ते १६०० ला फिरत असणार. आवाज वाढेल, पेट्रोल थोडं जास्त पिईल, इंजिनाला त्रास काही नाही. तेच एक्सल ३.७३ निघालं तर शंभराला पावणेतीन हजाराच्या जवळ, मग मी एनव्ही३५०० म्हणेन.

तेव्हा आधी स्टिकर वाचून सांगा.

त्या एनव्ही३५०० बद्दल एक गोष्ट मात्र आत्ताच, नाहीतर उद्या घेऊन याल. त्याच्याबरोबर येणारं फ्लायव्हील तुमच्या इंजिनाला बसणार नाही. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉकचं, म्हणजे तुमच्या व्ही-८ च्या घराण्याचं, क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं मेन सील १९८५ पर्यंत दोन तुकड्यांचं होतं, १९८६ पासून एका तुकड्याचं झालं, आणि तेव्हाच क्रँकच्या मागच्या तबकडीवरचं बोल्टचं वर्तुळही बदललं. तुमचं ३.५८ इंचाचं, नंतरचं ३.०० इंचाचं. बरं, कुणी भोकं नवी पाडून बसवतो म्हणाला तर त्याला हात जोडा. नंतरच्या व्ही-८ च्या फ्लायव्हीलवर बॅलन्सचं वजन मुद्दाम एका बाजूला जास्त असतं, तुमचं इंजिन आतल्या आत बॅलन्स केलेलं आहे. ते चढवलंत तर गाडी इतकी थरथरेल की आरसा बघता येणार नाही, आणि पुढे मेन बेअरिंग.

धुरांडं

स्टिकर सापडला. जीयू४. टायर २३५/७५-१५, म्हणजे तुम्ही धरलेल्या उंचीच्याच जवळपास.

म्हणजे एसएम४६५. पण तो नुसता डबा आहे. बेल हाउसिंग, पेडल, लिव्हर काहीच नाही. हे सुटं सुटं जमवू का?

सावकाश

माझा विरोध नोंदवून ठेवा. एसएम४६५ हा ट्रकचा डबा आहे. दांडी गुडघ्यापासून डॅशबोर्डपर्यंत फिरते, तिसऱ्यातून चौथ्यात जाईपर्यंत मागचा हॉर्न वाजवतो. मॅन्युअलच करायचंय तर एनव्ही४५०० बघा. पाच गिअर, शेवटचा ०.७३ चा, आणि पहिला सुरुवातीच्या जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवरलेची मूळ कंपनी) डब्यात ६.३४, नंतरच्यात ५.६१. जोरही आहे आणि महामार्गही.

तेलकट बाह्या

सावकाशराव, एनव्ही४५०० ला माझी ना नाही. मिळाला तर आणि परवडला तर घ्यावाच. फक्त त्यात हाताला येईल ते गिअर ऑइल चालत नाही, त्याचं ठरलेलं तेलच लागतं, हे घेणाऱ्याने लिहून ठेवावं. दांडीबद्दल म्हणाल तर ती लांब आहे हे खरं. वाळू वाहणाऱ्याला त्याची घाई नसते.

धुरांडे, नुसता डबा घेऊ नका. सुटं सुटं तर अजिबात जमवू नका. याच पिढीची, म्हणजे १९७३ ते ८७ मधली, मॅन्युअल असलेली भंगारातली पिकअप शोधा आणि तिच्यातून सगळं उचला. गिअरबॉक्स हा नवरदेव, दिसतो तोच, पण हॉल भरतो वऱ्हाडाने. वऱ्हाड सांगतो.

बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणारं घंटेसारखं कवच. पिकअपच्या मॅन्युअल डब्याच्या बेअरिंग रिटेनरला साधारण १३० मिलिमीटरचं भोक लागतं, कारच्या बेल हाउसिंगला ११९ च्या आसपास असतं. दिसायला दोन्ही सारखी. कारची मिळाली तर डबा तोंडाशी येऊन अडतो.

फ्लायव्हील १६८ दात्यांचं किंवा १५३ चं. मोठं घ्या, त्यावर मोठी क्लचप्लेट बसते. सध्याच्या फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ चकती) दाते मोजा. ते १५३ निघाले तर सेल्फही बदलावा लागेल. १६८ वाल्या सेल्फचे दोन बोल्ट तिरके, एक पुढे एक मागे. १५३ वाल्याचे एका ओळीत. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट वापरून फ्लायव्हील बसवू नका, ते आखूड पडतात. फ्लायव्हीलचे वेगळे मिळतात. साठ-पासष्ट फूट-पौंडावर आवळा, लॉकिंगचं द्रव लावून.

क्लचचा फोर्क, त्याचा गोलक आणि रिलीज बेअरिंग एकाच गाडीतलं. रिलीज बेअरिंग दोन उंचीचं येतं, लांब आणि आखूड, आणि प्रेशर प्लेट बदलली की लागणारं बेअरिंगही बदलतं. चुकीचं पडलं तर एकतर क्लच सुटत नाही, नाहीतर पूर्ण बसत नाही. क्लचचा निम्मा त्रास इथूनच येतो आणि लोक प्लेटला शिव्या घालतात.

पेडलचा अख्खा सेट. तुमचं ब्रेकचं पेडल रुंद आहे, क्लचला जागाच नाही. डॅशबोर्डखाली उताणं पडून करायचं काम आहे. या सगळ्यात सगळ्यात कंटाळवाणं हेच.

क्लचची जोडणी. या पिढीत ८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉड आणि बेलक्रँक होतं. बेलक्रँकचं एक टोक चेसिसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवरच्या गोलकाला. ब्लॉकला डाव्या बाजूला त्या गोलकासाठी भोक आहे का ते आत्ताच बघा. मूळच्या मॅनिफोल्डऐवजी हेडर (एक्झॉस्टचे सुटे पाइप) लावले असतील तर बेलक्रँक फिरायला जागा राहते का तेही.

गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी मागे-पुढे होईल. तिची भोकं डबा चढल्यावर मापून पाडा, आधी नाही. जमिनीच्या पत्र्यात दांडीसाठी भोक आणि वरचा उंचवटा लागेल, तोही त्याच गाडीतून कापून घ्या. डबा वर चढवताना ट्रान्समिशन जॅक घ्या. बिडाचा आहे, ऐंशी किलोच्या आसपास. छातीवर घेऊन बसवायचा प्रकार करू नका.

शाफ्ट. लांब हौद्याच्या गाडीत तो दोन तुकड्यांत असू शकतो, मधे बेअरिंग. तसा असेल तर नशीब, फक्त पुढचा तुकडा कमी-जास्त करावा लागेल. डबा आणि पट्टी बसवून, गाडी चाकांवर उभी ठेवून माप घ्या. योक (शाफ्टचं डब्यात सरकणारं टोक) पूर्ण आत ढकललेला असताना मापू नका. वीस-पंचवीस मिलिमीटर आत जायला जागा राहिली पाहिजे. कापल्यावर बॅलन्स करून घ्या आणि दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत आहेत ना ते बघा.

पानाबारा

मध्येच बोलतो. रॉड-बेलक्रँकच्या भानगडीत न पडता हायड्रॉलिक केलं तर? मास्टर सिलिंडर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत), स्लेव्ह बेल हाउसिंगला, मधे एक पाइप. हेडर असले तरी अडचण नाही.

तेलकट बाह्या

चालतं. पण फायरवॉल म्हणजे पत्रा. नुसत्या पत्र्यावर मास्टर सिलिंडर बसवला तर पेडल दाबल्यावर पत्राच पुढे झुकतो, क्लच अर्धाच सुटतो आणि माणूस ब्लीडिंग करत बसतो. काही महिन्यांनी पत्र्याला चीर. मागून जाड प्लेट द्यावी लागते आणि ती पेडलच्या ब्रॅकेटला बांधावी लागते. शिवाय सिलिंडर पेडलच्या रॉडच्या सरळ रेषेत हवा. मूळ गाडीत जोडणी रॉडची असेल आणि हेडर नसतील तर मी रॉडच ठेवतो. रस्त्यात काही झालं तर डोळ्याला दिसतं.

धुरांडं

हेडर नाहीत, मूळचे मॅनिफोल्ड आहेत. ब्लॉकला भोक आहे, आट्यांसकट.

कॉलमचं राहिलं. आणि वायरिंग?

तेलकट बाह्या

कॉलम ठेवू शकता. दांडी काढून टाका, खालचा लिंकेजचा रॉड काढा, आणि कॉलम पार्कमध्ये ठेवून द्या, म्हणजे किल्ली निघेल आणि स्टिअरिंग लॉकही होईल.

पण इथेच एक जीवघेणी जागा आहे. सेल्फ फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्ये लागावा म्हणून जो स्विच असतो, तो या गाडीत कॉलमवर आहे. कॉलम कायमचा पार्कमध्ये, म्हणजे स्विच कायमचा जोडलेला. आता गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना कुणी किल्ली फिरवली तर सेल्फवरच ती पुढे उडी मारेल, आणि पहिला तुमचा ६.५५ चा, भिंतही ढकलेल. क्लचच्या पेडलला स्विच लावा आणि सेल्फची जांभळी वायर त्यातून फिरवा, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागायचा नाही. भंगारातल्या गाडीत तो स्विच पेडलबरोबर येतो.

मागचे रिव्हर्सचे दिवेही कॉलमच्या स्विचवरच होते. त्या दोन वायरी खाली नेऊन गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचला द्या. ७००आर४ च्या लॉकअपला जाणारी वायर मोकळी सुटेल. तिच्यात किल्ली चालू असताना करंट असतो. टोक गुंडाळून टाका, चेसिसला लागलं तर फ्यूज उडेल आणि तुम्ही भलतीकडे शोधाल.

टीव्ही केबल कार्बोरेटरवरून काढल्यावर थ्रॉटल मागे येतो का ते हाताने बघा. केबलच्या स्प्रिंगचाही त्यात थोडा हातभार असतो. रेडिएटरमधले गिअरबॉक्सचं तेल थंड करायचे दोन पाइप काढून टोकांना टोप्या लावा. त्यातून पाणी येत नाही, नुसती घाण जाऊ नये म्हणून.

हँडब्रेक नीट करून घ्या. ऑटोमॅटिकवाल्यांना पार्कवर टाकून उतरायची सवय असते आणि हँडब्रेकची केबल गंजून बसलेली असते. आता पार्कचा खटका राहणार नाही. भरलेला हौदा आणि चढ, गिअरमध्ये ठेवून भागणार नाही.

कोपऱ्यातला

माझी १९९५ ची आहे, ४एल६०ई गिअरबॉक्सवाली. यातलं सगळं तसंच लागू का?

तेलकट बाह्या

यांत्रिक बाजू बरीचशी तशीच, फक्त तुमचं इंजिन एका तुकड्याच्या सीलवालं, त्यामुळे फ्लायव्हील नंतरचंच लागेल. फरक वायरिंगमध्ये. तुमच्या डब्याचे गिअर कॉम्प्युटर बदलतो. डबा काढल्यावर तो त्याचे सोलेनॉइड शोधत बसतो आणि इंजिनचा दिवा लावून ठेवतो. मॅन्युअल गाडीचा प्रोग्राम त्यात घालून घ्यावा लागेल, आणि वेगाचा सेन्सर नव्या डब्यावरून त्याला समजेल असा जोडावा लागेल. वेगाचा सिग्नल नसला की गाडी थांबताना आयडलिंग गडबडतं. वेगळा धागा काढा, इथे गर्दी होईल.

धुरांडं

गाडी मिळाली. १९८१ ची, एसएम४६५, हौदा सडलेला, पण पेडलपासून पट्टीपर्यंत सगळं जागेवर. सगळं काढून आणलं. ७००आर४ ही उतरवला.

आता अडलोय. क्रँकच्या मागच्या भोकात पायलट बुश (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारा) नाहीच. जुन्या गाडीच्या क्रँकमध्ये आहे. माझ्यात नुसतं भोक. ऑटोमॅटिकला बुश लागत नाही हे कळतं, पण मग हे भोक बुश बसवायच्या मापाचं असतं का? आणि मागचं सीलही ओलसर दिसतंय.

तेलकट बाह्या

बहुतेक क्रँकमध्ये असतं, काहींमध्ये नसतं. ऑटोमॅटिकला कन्व्हर्टरचं बोंड त्यात नुसतं टेकतं, म्हणून कारखान्यात काही क्रँकची भोकं शेवटच्या मापाला आणलेली नसतात. ठोकण्याआधी मापा. आतल्या मापाचा गेज घ्या, बुशचं बाहेरचं माप मायक्रोमीटरने घ्या. भोक बुशपेक्षा किंचित लहान हवं, म्हणजे हलक्या हाताने ठोकल्यावर घट्ट बसेल. भोक जास्तच लहान असेल तर बुश ठोकून आत घालू नका, आतलं माप आवळलं जातं आणि इनपुट शाफ्टला चिकटतं. मग क्लच दाबला तरी डबा फिरत राहतो, रिव्हर्स घातला की खर्रर्र. अशा वेळी टर्नरकडून बुश बाहेरून उतरवून घ्यावा. ब्रॉन्झचा बुशच घ्या, आधी तासभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

जुन्या क्रँकमधला बुश काढून वापरायचा मोह होईल. तो तिथेच राहू दे. काढायची पद्धत मात्र शिकून ठेवा, पुढे लागेल: भोकात ग्रीस ठासून भरायचं, बुशच्या मापाचा रॉड घालून हातोडा मारायचा, ग्रीस मागून बुशला बाहेर ढकलतं. चष्मा घालून करा.

सील आत्ताच बदला. दोन तुकड्यांचं असल्यामुळे इंजिनचं चेंबर आणि मागची मेन कॅप उतरवावी लागेल, पण गिअरबॉक्स खाली असताना हे जितकं सोपं आहे तितकं परत कधीच नसेल. नव्या क्लचप्लेटवर तेल उडालं की ती घाण झाली. धुवून परत नीट होत नाही.

फ्लायव्हील टर्नरकडे घासून घ्या. मग बेल हाउसिंग चढवा आणि डबा लावण्याआधी डायल गेज फ्लायव्हीलला लावून बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेने फिरवा. एकूण फरक पाच थाऊच्या आत हवा, म्हणजे ०.१३ मिलिमीटर. ही बेल हाउसिंग दुसऱ्या इंजिनाबरोबर जगलेली आहे, तुमच्या ब्लॉकवर ती बरोबर मधोमध बसेलच असं नाही. ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिना जागेवर आहेत ना ते बघा. इंजिन कधी उतरवलेलं असलं की त्या हमखास हरवतात. फरक जास्त आला तर त्याच पिना ऑफसेट, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेल्या, मिळतात, त्या फिरवून मध्य आणता येतो. हे कोणी करत नाही, आणि मग वर्षभराने डबा आवाज करतो म्हणून डबाच बदलतात.

क्लचप्लेट मधोमध धरायला प्लॅस्टिकचा नाही, जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा मिळाला तर तो वापरा. डबा शेवटच्या बोटभर अंतराला अडला तर बोल्ट आवळून ओढू नका. दांडी गिअरमध्ये टाका, मागचं टोक हाताने फिरवा, दाते जुळले की आपोआप आत जाईल. बोल्टने ओढलं तर प्लेटचं बोंड वाकतं.

पेडलला वरून बोटभर मोकळं हलायला जागा ठेवा. पहिले सात-आठशे किलोमीटर हौदा रिकामा, ट्रेलर नको, प्लेट बसू दे. आणि गिअर ऑइल शाफ्ट जोडल्यानंतर भरा. डबा जॅकवर तिरका असताना भरलंत तर मागच्या तोंडातून सगळं बाहीत येतं.